चार दिवसांसाठी नेलेली मॉरिस

नकला करण्यात माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कुणी नाही. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. लग्न असो की बारसं, पंगत उठली की कुणीतरी ओरडणारच, "मानसिंगराव, ती डभोईची बाई होऊन जाऊ दे!" मीही उगाच आढेवेढे घेत नाही. एखाद्या काकूंची छत्री काठी म्हणून मागून घ्यायची, टॉवेलचा पदर डोक्यावर घ्यायचा, डावा पाय ओढत खोलीभर एक चक्कर मारायची, छत्रीच्या टोकानं दार वाजवायचं आणि थोडा नाकातून, थोडा घशातून आवाज काढायचा: "बाळ, जगदेवरावांना सांग हं, मथुराबाई आली होती. चार दिवस झाले नाहीत का रे अजून?"

झालं! लोकांची हसून मुरकुंडी वळायची. पाय ओढत परत फिरताना तर म्हातारी माणसंसुद्धा डोळे पुसायची. आमच्या घरात ती म्हणच होऊन बसली होती. कुणी शिडी नेली आणि परत दिली नाही की पोरं एकमेकांना डोळा मारून म्हणायची, "चार दिवस झाले नाहीत का रे अजून?"

त्रेपन्न वर्षं मी ही नक्कल केली. आता करत नाही. का करत नाही ते सांगायला बसलोय, आणि सांगताना कान गरम होतायत. पण सांगतो. आधी नुसता नकलेत बोललो, आता जरा माझ्या आवाजात बोलतो.

जगदेवराव म्हणजे माझे वडील. आजोबा संस्थानच्या पागेत शिलेदार होते, त्यामुळे आमच्या घरात विकत आणलेली वस्तूच नाही. सगळं दरबारातून बक्षीस मिळालेलं. भिंतीवरची तलवार दरबारातून, घड्याळ दरबारातून, अहो, तांब्यासुद्धा दरबारातून! तांब्याच्या बुडाशी वाडीतल्या कंसाऱ्याचं, म्हणजे तांबटाचं, नाव कोरलेलं आहे, ते आम्ही भिंतीकडे करून ठेवायचो. बडोद्यातल्या आमच्यासारख्या मराठा घरांत हे चालतं. कुणी खोदून विचारत नाही, कारण विचारणाऱ्याच्या घरातही तसाच एक तांब्या असतो.

त्या सगळ्या बक्षिसांत थोर म्हणजे गाडी. मॉरिस मायनर, चोपन्नचं मॉडेल, काळी कुळकुळीत. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की तलवार तिच्या बॉनेटवर ठेवून तिची पूजा व्हायची, चाकांखाली लिंबू, आरशाला झेंडूची माळ. आलेल्या पाहुण्यांना आपट्याची पानं देत बाबा सांगायचे, "वडिलांना दरबारातून मिळाली. मधे काही वर्षं डभोईला एकांकडे ठेवली होती, राजूच्या लग्नाला परत आणली." राजू म्हणजे माझी राजेश्वरी आत्या. तिचं लग्न बहात्तर सालच्या वैशाखात झालं. मी तेव्हा चौदा वर्षांचा.

बाबा गेले, गाडी माझ्या नावावर झाली आणि पंचवीस वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. मकरपुऱ्यात माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट होतं. दोन वर्षांपूर्वी ते मुलाच्या हवाली केलं आणि घरी बसून निरुपमाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, डोकं खायला लागलो. तीच म्हणाली, "त्या गाडीचं काय ते करा एकदा. हातांना काम मिळेल आणि माझ्या कानांना आराम." तेव्हा मी गाडी अविनाशच्या गॅरेजात नेली. अविनाश जुन्या गाड्या मूळ रूपात आणतो, मकरपुऱ्यातच, आमच्या युनिटच्या मागच्या गल्लीत.

आता यात जयवंतराव आला. माझा शाळूसोबती, जुन्या गाड्यांच्या क्लबाचा सेक्रेटरी, आणि जन्माचा खवट. जानेवारीत क्लबाचं प्रदर्शन. त्यात एक ढाल असते: पहिल्या दिवसापासून एकाच घराण्यात राहिलेल्या गाडीसाठी. मी सगळ्यांपुढे छाती ठोकून सांगितलं, ती ढाल आमच्या काकड्यांच्या दिवाणखान्यात येणार. जयवंतराव म्हणाला, "पहिल्या मालकाचा कागद जोडायला लागतो, मानसिंग. नुसती छाती चालत नाही."

"जोडतो की! घाबरतो काय?" मी म्हणालो. गाडीचं बुक होतं माझ्याकडे, पण ते डुप्लिकेट. त्यात बाबांच्या नावापासूनच सुरुवात. मूळ बुक हरवलं असं बाबा सांगायचे.

आठवड्याभरानं अविनाशचा फोन आला. "काका, जरा येऊन जाओ ने. दारावर काहीतरी निघालंय."

जयवंतराव तिथे आधीच चहा पीत उभा होता. अविनाशनं डाव्या दाराचा काळा रंग खरवडला होता. खाली सायीसारखा पांढरा रंग, आणि पांढऱ्यावर लाल क्रॉस. त्याखाली अक्षरं होती, अर्धी उडालेली, तरी वाचता येत होती: '…सूतिगृह, डभोई'.

"काय रे," जयवंतराव म्हणाला, "दरबारात बाळंतपणं करायला जायची का ही?"

मी म्हणालो, डभोईला ठेवली होती तेव्हा कुणी रंगवली असेल. त्यावर त्यानं कप खाली ठेवला आणि बोटांवर वर्षं मोजली. "संस्थान विलीन झालं एकोणपन्नासला. गाडी चोपन्नची. पाच वर्षांनी दरबारानं ती बक्षीस कशी दिली, ते सांग ना जरा."

शाळेत इतिहासात मला पैकीच्या पैकी मार्क. विलीनीकरणाची तारीख मी झोपेतही सांगेन. गाडीचं सालही बॉनेटवर हात फिरवत हजारदा सांगितलेलं. दोन्ही आकडे आयुष्यभर माझ्या तोंडात होते आणि मी ते एकदाही शेजारी शेजारी ठेवले नव्हते. मला असा राग आला! जयवंतरावाचा नाही हो, पण काढला त्याच्यावरच. "कागद आणून तुझ्या तोंडावर नाही मारला तर काकड्यांचं नाव लावणार नाही," असं काहीबाही ओरडलो आणि निघालो. अविनाश बिचारा पॉलिशपेपर हातात धरून बघत राहिला.

गाड्यांच्या नोंदणीच्या कचेरीत जुन्या रेकॉर्डसाठी मी तीन आठवडे खेटे घातले. तिथला कारकून बरा माणूस होता. धूळ झटकत एक फाईल घेऊन आला आणि म्हणाला, "लो काका, तमारी गाडीनी जन्मपत्री." पहिलं पान चोपन्नचं. मालक: श्रीमती मथुराबाई विश्राम सबनीस, सुईण, डभोई. दुसरं पान बहात्तरच्या ऑगस्टचं, गाडी नावावर करण्याचा फॉर्म. देणार मथुराबाई, घेणार जगदेवराव काकडे.

मला वाटलं, चला, सुटलो! बक्षीस नसेल, पण बाबांनी रीतसर घेतली तर होती. मग खाली सही पाहिली. 'मथुराबाई वि. सबनीस'. 'थ'ला एक वाढीव गाठ, आणि 'स'ची शेपटी खाली ओढून डावीकडे वळवलेली. तशी शेपटी मी अजून ओढतो. माझ्या चेकबुकातल्या प्रत्येक 'मानसिंगराव'ला ती आहे. ती सही माझ्या हातची होती.

विसरलो होतो का? नाही हो. इथे खोटं बोललो तर मग हे सांगण्यात अर्थ काय? ती गोष्टही ताडपत्रीखाली ठेवलेली, एवढंच. मला आवाज जमायचे तशा सह्याही जमायच्या. शाळेच्या डायरीत बाबांची सही मीच करायचो आणि बाबांना ते माहीत होतं, त्यांना कौतुकच वाटायचं. एका दुपारी त्यांनी मथुराबाईंचं एक पत्र पुढे ठेवलं आणि म्हणाले, "टॅक्सचा कागद आहे. बाईंना डभोईहून यायला जमत नाही. अशीच सही कर बघू." मी रफ वहीत पंधरा-वीस वेळा गिरवली आणि मग फॉर्मवर केली. बाबांनी पाठ थोपटली आणि त्या संध्याकाळी गाडीतून, पुढच्या सीटवर बसवून, मला सुरसागर तलावाला चक्कर मारून आणलं.

आणि त्या आधी तीनदा ती बाई आमच्या फाटकाशी येऊन गेली होती! दर वेळी बाबा आतून सांगायचे, "जा, घरी नाहीत म्हणून सांग." मी जायचो आणि सांगायचो. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली. चौदा वर्षांचा मुलगा काय दूधपिता असतो? बाबा मला म्हणाले होते, गाडी आपलीच, तिच्याकडे ठेवली होती, आता हाव सुटली आहे तिला. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोयीचं होतं.

निरुपमाला यातलं काही सांगितलं नाही. फॉर्मची झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली आणि बसनं डभोईला गेलो. कशाला गेलो? लाज वाटून? छे! मला एक चिठ्ठी हवी होती. घरातलं कुणी हयात असेल, तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या की गाडी आमच्या आईनं राजीखुशीनं दिली होती. मग गाडी माझी, बाबांचं नाव साफ, आणि सहीचं कुणाला कळायचं कारण नाही. सोबत पाव किलो लीलो चेवडा घेतला होता, बडोद्याहून जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. इतका मी निर्लज्ज.

वडोदरी भागोळीच्या, म्हणजे बडोद्याकडच्या वेशीच्या, आत घर सापडायला वेळ लागला नाही. 'सबनीस सुईणबाईंचं घर' म्हटल्यावर पानवाल्यानंच बोट दाखवलं. दार उघडलं ते योगिनीनं. आत झोपाळ्यावर तिच्या सासूबाई, सत्तरीच्या पुढच्या स्नेहलताबाई बसल्या होत्या, म्हणजे मथुराबाईंची मुलगी. मी म्हणालो, बडोद्याहून आलोय, जुन्या गाड्यांच्या क्लबाकडून, एका मॉरिसचा इतिहास लिहितोय.

"मॉरिस?" त्या म्हणाल्या, आणि मी जागच्या जागी गार झालो. तोच आवाज. थोडा नाकातून, थोडा घशातून. पन्नास वर्षं मी जो आवाज काढून लोकांना हसवलं, तो समोर झोपाळ्यावर बसून मला पाणी विचारत होता.

त्या भरभरून बोलल्या. कुणी विचारायला आलं याचाच त्यांना आनंद झाला होता. गाडी आईनं स्वतः घेतली, स्वतः चालवायची, चोपन्न साली डभोईत बाई गाडी चालवते म्हणून पोरं मागे धावायची. आसपासच्या चाळीस गावांत बाळंतपणाला हीच गाडी जायची. वडील आणि बडोद्याचे जगदेवराव काकडे एका तालमीतले. वडील गेल्यावर दोन वर्षांनी जगदेवराव आले. बहिणीचं लग्न आहे, वरातीला गाडी चार दिवस द्या म्हणाले. आईनं टाकी भरून दिली. बुक गाडीतच होतं.

"मग परत का नाही आली?" मी विचारलं. काय तोंड माझं!

"वरातीत क्रॉस कसा चालेल, म्हणून त्यांनी आधीच काळी रंगवून घेतली होती. वरपक्षानं गाडी पाहिली ना भाऊ. काकड्यांनी सांगितलं असेल, आमचीच आहे. मग परत कशी देणार? व्याही काय म्हणतील? आधी म्हणाले, आषाढात देतो, राजूचे सासरचे येणार आहेत. मग म्हणाले, दसरा होऊ द्या. मग घरीच नसायचे." त्या हसल्या. "आईला ते कळायचं. ती म्हणायची, माणूस वाईट नाही, त्याच्या फुशारकीनं त्याला धरून ठेवलंय."

"पोलिसांत नाही गेल्या?"

"गेली होती. तिथे कळलं, गाडी त्यांच्या नावावर झालीय, आईच्या सहीनं. आई घरी आली आणि हाताकडे बघत बसली. म्हणाली, मी कधी केली ही सही? आपलंच डोकं फिरलं की काय असं तिला वाटायला लागलं. खरंच वाटायला लागलं हो! त्या दिवसानंतर कागदावर सही करायची झाली की ती मला बोलवायची, म्हणायची, बघ गं, मीच करतेय ना?"

माझ्या खिशात ती झेरॉक्स होती. मी खिशावर हात दाबून धरला.

"गाडी नाही म्हटल्यावर ती मिळेल त्यातून जायची. बैलगाडी, ट्रॅक्टर. त्याच पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडली. डावा खुबा मोडला. चार महिने पडून होती. मी मुंबईला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, ते सोडून आले. दवाखाना बंदच झाला मग. तरी उठायला लागल्यावर दोनदा बडोद्याला जाऊन आली, काठी टेकत, पाय ओढत. एकूण अकरा रविवार गेली ती."

डावा पाय. मी तो पाय कितीदा ओढला होता! त्या पायावर मला टाळ्या मिळायच्या. माझ्या स्वतःच्या लग्नात, मांडवात, मी तो पाय ओढून दाखवला होता. पुढ्यात आलेला चहा मी तसाच बाजूला ठेवला.

"त्यांच्या घरी एक मुलगा होता," स्नेहलताबाई म्हणाल्या. "तोच यायचा फाटकाशी. बाबा घरी नाहीत म्हणायचा. आई प्रत्येक वेळी त्याला पेपरमिंटची गोळी द्यायची. मी चिडायचे तिच्यावर. ती म्हणायची, पोर खोटं बोलताना माझ्या पायांकडे बघतं. एक दिवस तो सांगेल बघ. पोरांच्या पोटात राहत नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बडोद्याचे. काकड्यांना ओळखता का?"

गोळ्या मला आठवत होत्या. पांढऱ्या, कागदाशिवाय, पदराच्या टोकाला बांधलेल्या. मी त्या खायचो.

"नाही," मी म्हणालो. "ओळख नाही." आणि त्यांच्या पायांकडे पाहत उठलो.

सदुसष्ट वर्षांचा घोडा मी! चौदाव्या वर्षी बाबांनी सांगितलं म्हणून बोललो, असं तरी म्हणता येत होतं. त्या दिवशी मला कुणी सांगितलं होतं? बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. चेवड्याची पिशवी तशीच हातात राहिली होती, देण्याचीही हिंमत झाली नव्हती.

घरी येऊन निरुपमाला सगळं सांगितलं. झेरॉक्स दाखवली. तिनं चष्मा लावून सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातली छत्री आणून माझ्या हातात दिली.

"करा," ती म्हणाली.

"काय?"

"नक्कल करा. मथुराबाईंची. आता मलाही कळलंय त्या कोण होत्या. मीसुद्धा चाळीस वर्षं हसलेय. बघू दे, आज हसू येतं का."

"अगं, काय हे..."

"करा म्हणते ना!"

मी उभा राहिलो. छत्री टेकली. डावा पाय पुढे टाकायचा तर तो उचलेनाच. कसाबसा आवाज काढला, "बाळ, जगदेवरावांना सांग हं..." आणि पुढचं वाक्य आलं नाही. ते वाक्य मी हजारदा म्हटलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा अर्थ कळला. ती बाई रागावली नव्हती, वेडी नव्हती, फक्त विचारत होती. मी खाली बसलो आणि रडलो, अगदी हुंदके देऊन. निरुपमानं पाठीवर हात ठेवला नाही. बरं केलं.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आता पत्र लिहा. आणि तुमच्या अक्षरात लिहा."

लिहिलं. सगळं लिहिलं: गाडी, ताडपत्री, रफ वही, सही, गोळ्या, 'ओळख नाही' म्हणालो ते, आणि नक्कलसुद्धा. नक्कल लिहू नये असं फार वाटलं. त्यांना ती कधीच कळली नसती. पण नेमकी तीच लपवली असती, तर बाकीचं लिहून काय उपयोग होता? खाली लिहिलं, गाडी दुरुस्त करून येत्या महिन्यात घेऊन येतो, ती तुमची आहे. आईंनी ती सही केली नव्हती, मी केली होती, त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. फॉर्मची झेरॉक्स जोडली आणि कुरियरनं पाठवलं.

जयवंतरावाला फोन करून सांगितलं, माझं नाव काढ. तो खूश होईल असं वाटलं होतं, पण म्हणाला, "हे कुणाला सांगायलाच पाहिजे का रे? आपल्यात राहू दे." मी म्हणालो, त्रेपन्न वर्षं आपल्यातच होतं. राजेश्वरी आत्याला कळलं तेव्हा तिनं फोनवर मला असं झापलं, की बाहेर उभ्या निरुपमालाही ऐकू गेलं. "गेलेल्या भावाच्या तोंडाला काळं फासलंस! माझ्या सासरी मी काय सांगू?" चौऱ्याहत्तर वर्षांची झाली तरी सासरचंच भय. तिच्या त्या एका वरातीसाठी हे सगळं झालं होतं, पण तिला काय बोलणार? तिला कुणी विचारलं होतं? दसऱ्याला आमच्याकडे येणारी माणसं आता येतील की नाही, ठाऊक नाही.

अविनाशला सांगितलं, काळा रंग नको. मूळचा पांढरा कर आणि दारावर क्रॉस परत काढ. अक्षरं तुम्हीच काढता का म्हणून त्यानं विचारलं. "माझ्याकडून नको," मी म्हणालो, "माझा हात चांगला नाही. पेंटर आण." त्याला वाटलं, वयामुळे हात कापतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी मॉरिस चालवत डभोईला गेलो. टाकी भरली होती. पुढच्या सीटवर गाडी नावावर करून द्यायचे फॉर्म होते. या वेळी सही माझी होती, माझ्याच नावाची. वाटभर लोक हात करत होते, मोबाईलवर फोटो काढत होते, आणि मला मान वर करवत नव्हती.

दाराबाहेर गाडी लावली आणि कडी वाजवली. योगिनी बाहेर आली. तिनं गाडी पाहिली, क्रॉसकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "आई घरी नाहीत, काका."

आतून झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज येत होता. किर्र, किर्र. तो मध्येच थांबला.

मला काही कळलं नाही असं नाही. त्या खोट्यात माझ्याइतका तयार माणूस अख्ख्या बडोद्यात मिळायचा नाही. मी किल्ली पुढे केली, तशी ती म्हणाली, "किल्ली घेऊ नको म्हणून सांगि..." आणि तिनं जीभ चावली. मी म्हणालो, "बरं. त्यांना सांगा, मानसिंग काकडे आला होता. पुढल्या रविवारी येतो." गाडी वळवताना आतला पडदा हलला.

पुढल्या रविवारी गेलो. आई घरी नव्हत्या. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो, तेव्हाही नव्हत्या. निरुपमा म्हणाली, गाडी तिथे सोडून या ना, किल्ली टाका दारातून. मी म्हणालो, नाही. गाडी टाकून पळायचं म्हणजे पुन्हा माझ्याच सोयीचं झालं. त्यांना घ्यावीशी वाटेल तेव्हा घेतील, नाही वाटली तर नाही. मथुराबाई अकरा वेळा आल्या होत्या. मला अजून बरेच रविवार जायचंय.

परवा चौथा रविवार झाला. योगिनी दारात आली, नेहमीसारखं म्हणाली, "आई घरी नाहीत, काका." झोपाळा किरकिरत होता, या वेळी तो थांबला नाही. मी मान हलवली आणि वळलो, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा," आणि मूठ पुढे केली. मी हात पसरला.

तिनं माझ्या हातावर पेपरमिंटची एक गोळी ठेवली. "त्यांनी द्यायला सांगितलीय," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

मी गाडीत येऊन बसलो. गोळी तोंडात टाकवेना आणि फेकवेना. हातात धरून बसलो होतो. पानवाल्यानं येऊन विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना? तोवर ती तळहाताला चिकटली होती.